भिंतीचं पोट

गावच्या अंगणवाडीची खोली मीच बांधली. जागाच लहान मिळाली, त्यात कपाट, पातेली आणि तीस पोरं. माझी बायको तिथं मदतनीस होती, शेवटपर्यंत. तिला जाऊन दीड वर्ष झालं.

यंदा तिथं प्रोजेक्टर आला. पार मागच्या भिंतीला ठेवला तरी चित्र लहानच, आणि पोरगं उठलं की त्याच्या डोक्याची सावली चित्रात. म्हणून मलकापूरहून फिटर दुसरा घेऊन आला, रुंद भिंगाचा. भिंतीला भोकं पाडायला मला बोलावलं होतं.

"आबा, ह्याला हातभर अंतर लय झालं," फिटर म्हणाला. "यंत्र भितीला, पोरं मागं. सावलीचा प्रश्नच न्हाई."

भिंतीवर त्यानं आधी चौकटींची जाळी दाखवली. कडेच्या रेघा सरळ. मधल्या मात्र ओढ्यासारख्या वळलेल्या.

"भितीनं पोट काढलंय, आबा."

"तुझं यंत्र वाकडं असंल."

"यंत्र बरोबर हाय. लांबनं उजेड टाकला असता तर खपून गेलं असतं. ह्याचा उजेड भितीला घासत येतोय. बोटभर फुगवटाबी ह्याच्यापुढं लपत न्हाई."

अंगणवाडीच्या बाई हसल्या. "गवंडीच घावला की."

फिटर खरं बोलतोय, हे मला ठाऊक होतं. गिलावा करताना दोन्ही टोकांना ओळंबा लावला होता, पण मधे सपाटी बघायची सरळ पट्टी फिरवली नव्हती. सिमेंटचा माल घट्ट व्हायला लागला होता, म्हणून घाई केली. खोली सुरू झाली त्या दिवशी बायकोनं धुतलेली ताटं त्या भिंतीला उभी केली. मधलं ताट डुगडुगायला लागलं.

"आवं, भित फुगलीया," ती म्हणाली.

"भित बघायला गवंडी लागतो. तुझं ताट चेपलंय," मी म्हणालो. चार बायका हसल्या. तिनं ताट बदलून बघितलं, तेही डुगडुगलं. त्या दिवसापासून ती ताटं समोरच्या भिंतीला लावायची. इतकी वर्षं मी ते बघत होतो.

फिटर म्हणाला, "वरनं ताठ पडदा ठोकू. कुणाला कळायचं न्हाई."

"पडदा नको. चार दिवस थांब."

जुना गिलावा मी एकट्यानं खरवडला. आता हात भरून येतो, दर घटकेला बसावं लागलं. नवा माल चढवला, पट्टी फिरवली. पट्टीखाली फट दिसली की पुन्हा काढला, पुन्हा फिरवली. वाळल्यावर फिटरनं जाळी दाखवली. रेघ न् रेघ सरळ.

"जमलं की, आबा," बाई म्हणाल्या.

"ही चूक माझ्या बायकोनं पहिल्याच दिवशी दाखवली हुती," मी म्हणालो. "खोटं तिलाच पाडलं मी."

फिटर घट्ट असलेलेच स्क्रू पुन्हा आवळत बसला.

बोललं की मन हलकं होतं म्हणतात. माझं झालं नाही. चारचौघींत तिला खोटं पाडलं होतं, तर खरंही चारचौघींतच सांगायला पाहिजे होतं, ती तिथं बसलेली असताना.