कोरड्या माणसाची लाट

ऑर्व्हिल टेस्डाल समुद्रापासून दोन मैलांवर राहायचा आणि वीस वर्षांत घोट्याच्या वर भिजला नव्हता. मूळचा नेब्रास्काचा, जिथून समुद्र हजार मैल दूर. पाणी प्यायचं, मक्याला द्यायचं. त्यात उतरायचं नाही, असं त्याचं स्वच्छ मत होतं. आठवडाभर विमानाच्या कारखान्यात रिव्हेट ठोकायचा आणि शनिवारी लग्नांत गिटार वाजवायचा. त्याच्यामागे बेस गिटारवर मी, त्याचा शेजारी.

एकोणीसशे त्रेसष्टच्या वसंतात एका स्वस्तातल्या रेकॉर्ड कंपनीनं आम्हा चौघांना बोलावलं. लाटांवर स्वार होणाऱ्या पोरांचं संगीत हवं होतं, शब्दांवाचून. तीन तासांत बारा धुना. चूक झाली तरी पुढे जायचं. कुणी बेशुद्ध पडला तरच पुन्हा. आमची नावं कव्हरवर छापायची नव्हती. बँडचं नाव मागाहून कचेरीतच ठरलं, 'द सॉल्टी फाइव्ह'. आम्ही चौघे होतो. कव्हरवर लाटांवर स्वार व्हायची फळी घेतलेला सोनेरी केसांचा एक पोरगा. त्याला आम्ही कधी पाहिलं नाही.

ती रेकॉर्ड ऑर्व्हिलच्या लोरीननं साबणाबरोबर बाजारातून आणली. पोरगी सोळा वर्षांची. हिवाळ्यापासून बापाशी तिचं बोलणं "हो", "नाही" आणि "मीठ दे" एवढंच उरलं होतं. आता तिच्या खिडकीतून दिवसभर बापाची गिटार वाहत यायची. जूनमधल्या सकाळी समुद्रावरून येणाऱ्या धुक्यात ते सूर दोरीवरच्या ओल्या चादरींवरून असे तरंगत, की आमचं अंगणच किनारा सोडून कुठंतरी निघालंय असं वाटे.

"सांगून टाक ना तिला," त्याची बायको मॅक्सीन म्हणायची. "निदान बोलणं मिठाच्या पुढे जाईल."

"काय सांगू? कव्हरवरच्या त्या पोराच्या जागी माझं टक्कल लाव म्हणू?"

पण त्याला सांगायचं होतं. एका रविवारी सकाळी त्यानं गॅरेजचं दार उघडलं, गिटार जोडली आणि खिडकीतल्या रेकॉर्डबरोबर तिसरी धून वाजवायला घेतली. मी कुंपण छाटत होतो. कात्री हातातच राहिली.

लोरीन अनवाणी बाहेर आली.

"डॅडी, तुला हे येतं?"

ऑर्व्हिलनं तोंड उघडलं.

"बरं वाजवतोस," ती पालथ्या बादलीवर बसत म्हणाली. "पण तिथे चुकतोस. तो सूर असा नाहीये."

चूक रेकॉर्डवरच होती. तिथे त्याचं बोट घसरलं होतं, आणि बेशुद्ध कुणी पडलं नव्हतं. आज त्यानं तो सूर बरोबर लावला होता.

"अगं, रेकॉर्डवरचा सूर चुकलाय."

"चुकलाय म्हणे. तिथेच तर तो पोरगा लाटेवरून खाली सुटतो." तिनं डोळे मिटले आणि तळवा हवेतून घसरत खाली आणला, अगदी सावकाश. ऑर्व्हिल त्या हाताकडे बघत राहिला.

मला राहवेना. "लोरीन बाळ, अगं हा तर—"

ऑर्व्हिलनं माझ्याकडे असं पाहिलं, की वाक्य मी गिळलं आणि कुंपण छाटू लागलो.

"पुन्हा दाखव," तो तिला म्हणाला. "कुठे सुटतो म्हणालीस?"

तिनं गुणगुणून दाखवलं. त्यानं वाजवलं.

"नाही रे, अजून खाली. इतका काय मठ्ठ आहेस तू?"

लग्नात एकदा कानावर पडलेलं गाणं लगेच वाजवणारा हा माणूस. पण मॅक्सीननं जेवायला तिसरी हाक मारली तरी तो एक सूर काही त्याला येत नव्हता.