अक्कलदाढ आणि केसांची गोळी

म्युझेयेन हानिम, म्हणजे म्युझेयेनबाई, उस्कुदार या तुर्की वस्तीत दातांचा दवाखाना चालवतात, आणि त्यांच्यासमोर खोटं पचवणं हे येरागबाळ्याचं काम नाही.

त्या दिवशी नाझमी बे आपल्या होणाऱ्या जावयाला, तैफूरला, दंडाला धरूनच घेऊन आले. लग्न तोंडावर आणि पोराची अक्कलदाढ ठणकतेय. इथे दाढ एकाची दुखते, पण खुर्चीभोवती सगळं घर उभं राहतं.

“काही औषधं घेतोस का?” हानिमनी विचारलं.

“औषधं? सिंह आहे सिंह!” सासऱ्यांनीच ठोकून दिलं. तैफूरने मुकाट मान हलवली.

हानिमनी नाडी धरली. ती सुसाट धावत होती. मग त्यांची नजर त्याच्या गालांवर गेली. न्हाव्याने पेटत्या बोळ्याने लव जाळली होती. कानांवरची इथे सगळेच जाळून घेतात, पण पार डोळ्यांखालपर्यंत? हानिम काय ते समजल्या. भुलीची सुई त्यांनी बाजूला ठेवली.

“नाझमी बे, बाहेर बसून चहा घ्या.”

“अहो, मी मुलीचा बाप आहे!”

“म्हणूनच. उठा.”

दार लागलं. “केस उगवायची गोळी ना? ती गालांवरही लव उगवते, रक्तदाब उतरवते, छातीत धडधड करते. माझ्या नेहमीच्या भुलीने ही धडधड आणखी वाढली असती. इथे लाजायचं नाही, बाळा.”

तैफूरचे डोळे भरून आले. “टकला जावई नको म्हणाले होते ते, ताई.”

“सांगावं तर लागेलच. उद्या चक्कर येऊन पडलास, तर डॉक्टरला घरातलं कोण सांगणार?”

त्यांनी वेगळी, साधी भूल दिली आणि दाढ अलगद काढली. हात असा, की पोराला कळलंसुद्धा नाही. तो ताडकन उठायला गेला, तसा त्यांनी खांदा दाबला. “हळू. अंधारी येईल.” खुर्चीची पाठ त्यांनी सावकाश वर घेतली.

नाझमी बे आत आले. तैफूरने गालातला कापूस सांभाळत एका दमात सगळं सांगून टाकलं.

सासरे लाल झाले. “माझ्या पोरीला फसवलंस?”

“नाही, बाबा. गोळ्या तर तुमची गुलफेमच आणून देते.”

नाझमी बे मटकन स्टुलावर बसले.

“माझ्या पोरीला माझी एवढी भीती वाटते?” त्यांनी विचारलं.