लिस्बनचा चढ

लिस्बनमधलं माझं स्वस्त हॉस्टेल टेकडीच्या माथ्यावर होतं. टॅक्सी परवडणार नव्हती, म्हणून पाठीवर सॅक घेऊन मी दगडी पायऱ्या चढत होते. अर्ध्यात गुडघे बोलायला लागले. पन्नाशीत एकटीनं हिंडायचा हट्ट चुकलाच, असं वाटून डोळे भरून आले.

तेवढ्यात सॅक हलकी झाली. दचकून वळले, तर एक म्हातारी एका हातात भाजीची पिशवी सांभाळत दुसऱ्या हातानं माझी सॅक खालून उचलून धरत होती.

"अहो आजी, राहू द्या, तुम्हालाच त्रास होईल!" माझ्या तोंडून मराठीच निघालं.

ती तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटली आणि हनुवटीनं वर खूण केली, चल म्हणून.

दोघी धापा टाकत चढत राहिलो. मनात आलं, आजवर असा मागून कुणाकुणाचा हात लागला असेल, आणि मला वाटत राहिलं की चढच सोपा होता.

वर पोचल्यावर मी हात जोडले. तिनं माझ्या गालाला हात लावला, पिशवी सावरली आणि आल्या वाटेनं पायऱ्या उतरत अर्ध्या वाटेवरच्या आपल्या घरात शिरली.