मी तिला स्टेजवरून उतरवलं

"हे तिकडं पाकिस्तानात जाऊन म्हणायचं. इथं नाय."

आमच्या वॉर्डाचे नगरसेवक, भाऊ, माईकवर एवढंच बोलले. खुर्चीत बसल्या बसल्या, हसत. माईक त्यांनी साजियाच्या हातातून काढून घेतला होता. साजिया सातवीतली. पाहुण्यांच्या स्वागताच्या चार ओळी तिनं उर्दूत पाठ केल्या होत्या. दुसरी ओळ अर्ध्यावरच राहिली. मंडपात हशा पिकला. आमचे काही पालकही हसले. भाऊ हसले की हसायचं, ही आमच्या वॉर्डाची रीत.

ओळी मीच लिहून दिल्या होत्या. उर्दू शाळेतली मी मास्तरीण, दुसरं काय लिहून देणार? या, बसा, ही शाळा तुमचीच आहे. त्यात याहून जास्त काही नव्हतं.

आता मी काय केलं ते सांगते. तेच सांगायला बसले आहे. मी साजियाच्या दंडाला धरलं आणि तिला स्टेजवरून खाली उतरवलं. शिवाय भाऊंसमोर हात जोडून म्हणाले, "माफ करा साहेब, मराठीत घ्यायचं राहून गेलं."

राहून गेलं! धडधडीत खोटं. आठ दिवस तालीम घेतली होती मी.

कार्यक्रम शाळेच्या दोन नव्या खोल्यांच्या उद्घाटनाचा होता. खोल्या भाऊंनी मंजूर करून आणलेल्या. त्याआधी सातवीचा वर्ग हर्सूलच्या उन्हात व्हरांड्यात बसायचा. मागणाऱ्यानं कोणत्या भाषेत मागायचं, हेही देणाराच ठरवतो. हेडमास्तर नंतर मला म्हणाले, "अच्छा संभाल लिये आप." मला शाबासकी मिळाली. त्या शाबासकीची मला आजही किळस येते.

साजिया नळाजवळ उभी होती. रडत नव्हती. "आपा, मैं कुछ गलत बोली क्या?"

मी म्हणाले, "नको पूछ. पानी पी."

माझं भांडण मराठीशी नाही. मराठी मी छावणीच्या बाजारात शिकले, भाजीवाल्या मावशींशी घासाघीस करत. हे लिहिते आहे तेही मराठीतच. पण या शहरात आता माणूस शहराचं नाव जुनं घेतो की नवं, यावरून त्याची जात-जमात ठरते. बसमध्ये फोन आला तर मी "सलाम" हळू म्हणते. मुलांना जी भाषा शिकवून पगार घेते, ती चारचौघांत तोंडातल्या तोंडात बोलते. एवढी भित्री मी कधी झाले, मला कळलंच नाही.

दोन महिन्यांनी साजियाच्या अब्बांनी आमच्या शाळेतून तिचं नाव काढून घेतलं. मराठी शाळेत घालतो म्हणाले. "वहाँ कोई हँसेगा तो नहीं." दाखला मीच लिहिला. शाळा सोडण्याचं कारण: पालकांची इच्छा. अक्षर माझं सुंदर आहे, सगळे म्हणतात.

आणि मग एक दिवस भाऊच शाळेत आले. एकटे, बगलेत फाईल. फाईलमध्ये त्यांच्या पणजोबांच्या शाळेच्या नोंदवहीची झेरॉक्स. निजामाच्या काळातली, उर्दूत. मराठवाड्यात ज्याच्या घरात जुना कागद, त्याच्या घरात उर्दू. मग तो कोणीही असो.

"मॅडम, एवढं वाचून द्या. पोराच्या ॲडमिशनला जातीचा दाखला पायजे. लई फिरलो, आमच्यात कुणालाच वाचता येईना."

त्यांना तो कार्यक्रम आठवतही नव्हता. नाही म्हणावं, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण त्यांच्या पोरानं माझं काय वाकडं केलं होतं? आणि कागदाचा तर काहीच गुन्हा नव्हता.

मी म्हणाले, "आधी लिहिलंय तसं वाचते. अर्थ मग सांगते."

"त्याची काय गरज नाय. मराठीत सांगा डायरेक्ट."

"गरज आहे. तुमच्या पणजोबांची नोंद आहे. ऐका."

मी आवाज चढवला. नाव, वडिलांचं नाव, गाव. कौम, कुनबी. पेशा, काश्तकारी. खिडकीत पोरं गोळा झाली. पणजोबांचं नाव आलं तसे भाऊंनी नकळत हात जोडले. मग मी अर्थ सांगितला, जात कुणबी, धंदा शेती, आणि मराठीत लिहूनही दिला.

भाऊ म्हणाले, "ऐकायला लई गोड वाटतं हो."

मी म्हणाले, "त्या दिवशी साजिया हेच बोलत होती."

"कोण साजिया?"

मी सांगायला तोंड उघडलं. ते तोवर उठले होते. दारात थांबून हळूच म्हणाले, "मॅडम, मी इथं आलतो हे बाहेर बोलू नका."

त्यांच्या पोराला ॲडमिशन मिळाली. पेढे आले शाळेत, कोणाच्या तरी हाती. मी खाल्ला नाही. तेवढंच माझ्या हातात होतं.

गेल्या महिन्यात साजिया क्रांती चौकात दिसली. नव्या शाळेच्या ड्रेसमध्ये. मी हाक मारली, "साजिया बेटा, कैसी हो?" तिनं आधी आजूबाजूला पाहिलं. मग म्हणाली, "बरी आहे मॅडम. माझी रिक्षा आली."

आपा नाही. मॅडम. अगदी माझ्यासारखी हळू बोलली. हे तिला भाऊंनी शिकवलं नाही. मी शिकवलं.

साजिया परत येणार नाही, हे मला माहीत आहे. भाऊ येतील. प्रजासत्ताक दिनाला झेंड्याला तेच आहेत. स्वागत कोणी करायचं, असं हेडमास्तरांनी विचारलं. मी म्हणाले, मी करते. त्याच चार ओळी, उर्दूत, मग मराठीत. ते म्हणाले, "आपा, बदली हो जाएंगी."

होऊ दे. माईक काढून घेतला तर माईकशिवाय म्हणेन. हसले तर हशा थांबेपर्यंत उभी राहीन आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू करेन. मला ओढून खाली उतरवतीलही. उतरवू देत. पण स्टेजवरच्या पोरीच्या दंडावर पडणारा हात यापुढं माझा नसेल.