शिबिराची बॅग आन् आमचा वरवंटा

शिबिराच्या बॅगा भरण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या शिरूर तालुक्यात सापडायचा नाही. शेकडो बॅगा भरल्यात मी. भरल्यात म्हणजे, दुसऱ्यानं भरून ठेवलेल्या बॅगेत त्याला न सांगता आणखी काहीतरी भरलंय. स्वतःची बॅग म्हणाल, तर ती मी जन्मात एकदाही भरलेली नाही. ती कायम आमच्या कारभारणीनं भरली.

यंदा मात्र ती म्हणाली, "भरणार न्हाई आन् जाऊन बी देणार न्हाई."

कारण दिवाळीनंतर माझ्या छातीत डॉक्टरनं स्प्रिंग बसवली. बसवली तर बसवली, पण मे महिना आला आणि मी घरी बसायचं म्हणजे काय?

आमच्या कवठे येमाईची पोरंपोरी दर उन्हाळ्यात आठवडाभर शिबिराला जातात, खाली दौंड तालुक्यात, भीमेच्या काठच्या एका शाळेत. दरेकर सर शिबिर चालवतात, हमीदभाई स्वयंपाक करतो, आणि सामान रचायचं काम माझ्याकडं. मी सातवी नापास, त्यामुळं पोरांना शिकवायचा धोका कुणी पत्करला नाही. इतक्या वर्षांत किस्से असे साठलेत, जशी शिबिराहून आलेल्या बॅगेच्या तळाला नदीची वाळू. कितीही झटका, पुढच्या वर्षी थोडी निघतेच.

*

अगदी सुरुवातीला टेंपो नव्हता. एसटीनं जायचं, फाट्यावर उतरायचं आणि शाळेपर्यंत चालत. सर तेव्हा नवे, तरणे, कडक. त्यांनी पहिल्याच दिवशी नियम काढला, "ज्याची बॅग त्यानं उचलायची. कुणी कुणाला मदत करायची नाही."

आता एवढा चांगला नियम ऐकल्यावर माझ्यासारख्यानं गप्प बसायचं कसं? निघायच्या आधी मी घरचा वरवंटा उचलला आणि सरांच्याच बॅगेत, चादरीच्या घडीत घातला.

फाट्यापासून सर पार वाकडे होऊन चालले होते. पोरं विचारायची, "सर, धरू का?" सर दात खाऊन म्हणायचे, "नियम म्हणजे नियम."

शाळेत पोचल्यावर त्यांनी बॅग उघडली. वरवंटा बघितला. माझ्याकडं बघितलं. वरवंटा नेऊन हमीदभाईच्या हातात दिला आणि म्हणाले, "चटणीचं सामान पोचलंय. वाटणारा माणूस पण संगंच आलाय."

आठवडाभर चटणी मी वाटली.

इकडं घरी आमची कारभारीण तांब्यानं मिरच्या ठेचत बसली होती. आणि वर मी परत येताना वरवंटा तिथंच विसरलो. तिनं शिरूरच्या बाजारातून दुसरा आणला. त्यावर ती मला काहीच बोलली नाही. बायको बोलली की विषय मिटतो, नाही बोलली की तो शिल्लक राहतो, हे मला फार उशिरा कळलं.

*

आमच्या आळीतल्या बाळूची आई भारी टापटिपीची. पोरगं पहिल्यांदा शिबिराला चाललं, तर तिनं रोजच्या कपड्यांचं वेगळं गाठोडं बांधलं. सोमवारचं वेगळं, मंगळवारचं वेगळं, सगळी ओळीनं बॅगेत रचली. मला म्हणाली, "आबा, कुणी हात लावला तर बघा." बघा म्हणजे मलाच दम होता तो.

मी खरंच हात लावला नाही. बाळूनंबी लावला नाही.

आठवड्यानं पोरगं ज्या चड्डीत गेलं त्याच चड्डीत परत आलं. चड्डी आपली आपण उभी राहील इतकी कडक झालेली. बॅगेत सगळी गाठोडी जशीच्या तशी. आईनं कपाळाला हात लावला. "आरं, सोडली का न्हाईस?"

"तूच म्हणालीस ना, नीट परत आण म्हणून."

*

अलीकडं सणसवाडीची पोरंबी येतात. त्यांचे आईबाप कंपनीत कामाला, लांबून आलेले. एका वर्षी बिहारच्या एका पोराच्या आईनं डबाभर पीठ दिलं होतं. ते मला सामान रचताना सापडलं. मी हमीदभाईला म्हणालो, "बेसन मिळालं. आज पिठलं टाक."

हमीदभाईनं झक्कास फोडणी दिली. पण ते पिठलं काही जमंना. हलवता हलवता उलथणं उभं राहिलं. तरी पोरांनी चाटूनपुसून खाल्लं, उपाशी पोराला सगळं गोड. सर म्हणाले, "हमीदभाई, आजची चव वेगळीच."

तेवढ्यात ते पोरगं आपला रिकामा डबा घेऊन आलं. "आबा, ये तो सत्तू था. पानी में घोल के पीते हैं. आपने पकाया काहे?"

हमीदभाई माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला, "बेटा, इन से पूछ. ये सातवी तक पढ़े हैं."

*

आता पोरांच्या बॅगा हलक्या आणि चार्जर जड. शिबिरात मोबाइलला बंदी. गेल्या वर्षी माजी सरपंचांच्या नातीचा चिवड्याचा डबा मी टेंपोत ठेवला, तर हाताला वजन जास्त लागलं. चिवडा एवढा जड नसतो. तिच्या आईकडून गोड बोलून पोरीच्या मोबाइलचा नंबर तेवढा घेतला.

संध्याकाळची प्रार्थना चालू होती. सगळे डोळे मिटून उभे. मी सरांच्या फोनवरून तो नंबर लावला, आणि कोपऱ्यातला डबा गाणं म्हणायला लागला.

सरांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "कवठ्याच्या चिवड्याला रेंज चांगली आहे," म्हणाले आणि प्रार्थना पुढं चालू.

*

तर यंदाचं. कारभारीण सरांना आधीच भेटून आली होती. सर मला म्हणाले, "आबा, नियम जुनाच. तुमची बॅग तुम्ही देवळापासून टेंपोपर्यंत न्यायची. धाप लागली तर घरी."

मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची बॅग भरली. चुरमुऱ्यांनी. गच्च फुगवली, वर चेन लावली. खरे कपडे आदल्या दिवशीच हमीदभाईच्या मोठ्या पातेल्यात झाकणाखाली लपवून आलो.

निघायच्या दिवशी सगळं गाव देवळापाशी. कारभारीणबी पदर खोचून उभी. मी बॅग एका हातानं उचलली, खांद्यावर टाकली, वर पोरांना दाखवायला एक गिरकी घेतली. सर बघतच राहिले. "आबा, तुम्ही तर तरणे झालात."

कारभारीण एवढंच म्हणाली, "जावा."

यवतला चहाला थांबलो तरी माझ्या डोक्यात तेच. ही एवढ्या सहज जावा म्हणणारी बाई न्हवं.

शाळेत पोचलो. हमीदभाईनं चूल पेटवली आणि हाक मारली, "आबा, तुमचे कपडे काढा, भात टाकायचाय."

मी पातेल्यात हात घातला. शर्ट निघाला, पायजमा निघाला, आणि तळाला काहीतरी जड. तिच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं. सोडलं, तर वरवंटा. त्याला दोऱ्यानं बांधलेल्या माझ्या गोळ्या, सकाळच्या वेगळ्या, संध्याकाळच्या वेगळ्या. गोळ्या बरोबर घ्यायच्या मी साफ विसरलो होतो.

हमीदभाई आभाळाकडं बघत होता. "भाभी कल रात आई थी. मैं क्या बोलता?"

सरांचा फोन मागून घेतला आणि घरी लावला. म्हणालो, "आगं, गोळ्यांचं समजलं. पर ह्यो वरवंटा कशापायी?"

"मागचा तिथंच इसरून आलता तुम्ही," ती म्हणाली. "ह्यो मात्र परत आणायचा. त्याच्यासंगं तुम्ही आलात तरी चालंल."