रोज धुतलेली रेती

मला स्वच्छतेचं वेड आहे. जेवणाआधी घासलेलं ताट पुन्हा विसळून घेणारा घरात मी एकटाच. बायको म्हणायची, "एखाद्या दिवशी ताटाले भोक पडन." सत्तरच्या दशकात नागपुरातल्या एका पोहण्याच्या तलावावर मी फिल्टरचं काम बघायचो, तेव्हा हेच वेड माझ्या अंगाशी आलं.

त्या उन्हाळ्यात तिथे पहिल्यांदाच बायकांसाठी सकाळचा एक तास ठेवला होता, तोही महिनाभर बघू या बोलीवर. तो मिळवला होता कपडे बदलायच्या खोलीवर देखरेख करणाऱ्या मावशीने. वय पन्नाशीचं, माहेर पारशिवनीकडचं. तलावाच्या साहेबांच्या खनपटीला बसून तिने तास मंजूर करून घेतला, घरोघर फिरून पंधरा बाया जमवल्या आणि स्वतः मात्र काठावरच बसून राहिली. लहानपणी नदीच्या डोहात तिचा पाय घसरला होता. "तळ दिसल्याबिगर मी पाण्यात उतरत नाई," म्हणायची.

आणि तळ काही दिसेना. खोल बाजूला तळाशी एक काळा वरवंटा ठेवलेला असे. काठावरून तो दिसला नाही, तर कुणालाच पाण्यात सोडायचं नाही, असा आमचा नियम. पाणी इतकं धुरकट झालं की तलाव बंद ठेवावा लागला. साहेब म्हणाले, फिल्टरला एवढी माणसं झेपत नाहीत. सोमवारपर्यंत पाणी निवळलं नाही तर एक तास कमी करू, आणि सगळ्यांत नवा बायकांचा, तोच जाईल. मावशीने ऐकलं आणि टॉवेलांच्या घड्या घालायला घेतल्या.

फिल्टर म्हणजे पुरुषभर उंचीची लोखंडी टाकी. आत खाली गोटे, त्यावर रेती. पंपाने ढकललेलं पाणी वरून शिरतं, रेतीतून झिरपत खाली जातं आणि मळ वर अडकतो. मळ साठला की दाब दाखवणाऱ्या मीटरचा काटा चढतो. मग व्हॉल्व्ह फिरवून पाणी खालून उलटं सोडायचं, म्हणजे रेती उसळून धुतली जाते आणि घाण नालीत जाते. मी टाकी उघडली, खालच्या जाळ्या तपासल्या, व्हॉल्व्हचं पॅकिंग बदललं. कुठेच खोट नव्हती. रेती तर मी काट्याची वाट न बघता रोज धुत होतो. आता दिवसातून दोनदा धुवायला लागलो, तर पाणी आणखीच दुधाळ. संतापून पंपाला लाथ घातली. पंपाला काही झालं नाही, माझा अंगठा सुजला.

गुरुवारी मावशी चहा घेऊन आली. "काहून रोज धुऊन राहिला गा तिले?"

"रेती साफ राहीन तवाच पाणी साफ येईन ना, मावशी."

"नवं फडकं नीट गाळते का कधी? चहाचा सारा चुरा उतरते त्याच्यातून. वापरून वापरून त्याची भोकं बुजली का मंग बारीक गाळते."

मी हसण्यावारी नेलं. ती गेल्यावर मात्र चहा हातातच निवला. बारीक गाळ रेतीच्या फटींतून सहज निसटतो. त्याला अडवतो तो रेतीवर जमलेला मळाचा पातळ थर, आणि मी तोच रोज उठून नालीत सोडत होतो.

मग मी व्हॉल्व्हला हात लावला नाही. तुरटी विरघळवून थोडी थोडी पंपापाशी सोडत राहिलो, म्हणजे रेतीवर तिची साय धरते. काटा जरा जरा चढायचा आणि माझे हात शिवशिवायचे. घाण आत ठेवून गप्प बसायचं, ही मला शिक्षाच होती. पण सोमवारी सकाळी काठावर उभा राहिलो, तर वरवंट्याची झिजलेली बाजूसुद्धा दिसत होती. साहेबांनी वाकून पाहिलं आणि तलाव उघडला.

बायकांच्या तासाला मी पंपाच्या खोलीत दार लावून बसायचो. त्या दिवशी बाहेरच्या हसण्यात मावशीचा आवाज ओळखू आला. तास संपल्यावर दार वाजलं. ओल्या केसांनी मावशी उभी होती.

"उतरल्या का, मावशी?"

"उतरली. शिकवणाऱ्या बाईनं आधी दोन्ही हात धरले, मंग एक सोडला, मंग दुसराही."

"पाय टेकले का तळाले?"

"तळ दिसून राहिला होता ना गा," ती म्हणाली, "मंग टेकवाची गरजच नाई पडली."