काळ्या पट्टीवर चालणारी गाडी

आपोआप चालणाऱ्या गाड्यांचं कुणी कौतुक करायला लागलं की मी तिथून उठतो. नव्वदच्या दशकात, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, सांगलीत विश्रामबागच्या खोलीवर मी तसलीच एक गाडी बनवत होतो. ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात ती चपलांच्या खोक्याएवढी होती आणि माझ्यापेक्षा हट्टी होती.

गाडी आपोआप चालायची तर तिला तीन कामं जमावी लागतात. रस्ता कुठं आहे ते ओळखायचं, कुठं वळायचं ते ठरवायचं आणि चाकं वळवायची. माझ्या गाडीच्या पोटाखाली बारके हिरवे दिवे होते आणि उजेड ओळखणारे दोन तुकडे. खाली पांढरा कागद, त्यावर काळी पट्टी. पांढऱ्यावरून उजेड परत येतो, काळा रंग तो गिळून टाकतो. डाव्या तुकड्याखाली अंधार आला, की पट्टी डावीकडे आहे असं धरून डावं चाक हळू व्हायचं आणि गाडी तिकडं वळायची. एवढीच तिची अक्कल.

वडील लष्करात ड्रायव्हर होते. पेन्शनीत आल्यावर गावी वडूजला वडापची, म्हणजे माणसं भरून नेणारी, जीप चालवायचे, घर तिच्यावरच चालायचं. मग त्यांना काचबिंदू झाला. गेलेली नजर परत येत नाही, स्टिअरिंगला हात लावू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. आपण ड्रायव्हर ठेवलाय, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. माझा जीव भांड्यात पडला.

एका रविवारी दुपारी आई-वडील दोघं माझी गाडी बघायला आले. जीप खाली लिंबाखाली लावलेली. आईच्या पिशवीत नारळ आणि हळद-कुंकू. पूजा केल्याशिवाय नवी गाडी रस्त्यावर घालायची नाही, हा आमच्याकडचा नेम.

"आई, ही परीक्षेची गाडी हाय, वडापची न्हवं," मी चिडून म्हणालो.

तिनं तरीही गाडीला कुंकू लावलं. शिवाय मी वायरी जोडत असताना, वळणावर धोका असतो म्हणून तिनं कागदावरच्या वळणाशीही चिमूटभर वाहिलं. मी बटण दाबलं. वडील मान तिरकी करून मोटारीचा आवाज ऐकत होते. गाडी सरळ गेली, वळणावर पट्टी सोडून कुंकवावर चढली आणि खाटेच्या पायावर आदळली.

"काय झालं? दिसलं न्हाई व्हय तिला?" वडिलांनी विचारलं.

"आबा, तिला दिसतच न्हाई. उजेड कुठं, अंदार कुठं, तेवढंच कळतंय. कुंकू तिला पट्टीवानी काळंच वाटलं."

वडिलांनी खाली वाकून गाडी चाचपली. मग म्हणाले, "मलाबी आता तेवढंच कळतंय रं."

विषय बदलायचा म्हणून मी खालच्या ड्रायव्हरला चहाला बोलवतो म्हणालो. आई कागदावरचं कुंकू पदरानं टिपत होती. मान वर न करता ती म्हणाली, "ड्रायव्हर कवाच न्हवता."

"डांबर काळं, कडंची माती पांढरी," वडील म्हणाले. "मधनं चालवायची. काय आडवं आलं तर ही शेजारी बसून सांगती."

वडूजपासून विट्यावरनं सांगलीपर्यंत ते असे आले होते. आणि रोज मागं माणसं कोंबून, पोरंबाळं, म्हातारी-कोतारी सगळी. मी नाही नाही ते बोललो. माणसं मेली असती म्हणालो.

"व्हय," ते म्हणाले. भांडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. मला जीप चालवता येत नव्हती. आपोआप चालणारी गाडी बनवणाऱ्याला ते शिकायची गरज वाटली नव्हती.

जीप तिथंच ठेवून आम्ही एसटीनं निघालो. आई खिडकीशी, शेजारी वडील, मी त्यांच्या मागच्या बाकावर. आता घर कशावर चालणार, हे कुणी विचारत नव्हतं आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं. गाडी सांगलीबाहेर पडली तशी आई पुढं वाकून हलक्या आवाजात बोलायला लागली. "म्होरं बैलगाडी हाय. जरा डाव्या अंगानं घ्या. म्हस आली बगा."

वडिलांचे हात मांडीवर होते.

"आता कुणाला सांगतीस?" ते म्हणाले.